चांद कुणी पाहिला?

शाबान महिन्याची २९ तारीख. मगरिबची अजान होते न होते तोच मोहल्ल्यातल्या गच्च्या भरू लागतात. पोरेटोरे पाण्याच्या टाकीवर चढतात, म्हातारी माणसे कपाळावर हात धरून पश्चिमेकडे पाहत राहतात. 'तो बघ, नारळाच्या डावीकडे!' असे कुणी ओरडले की दहा बोटे एकाच दिशेला वळतात. तिथे बहुधा ढगाची उजळलेली कड असते, नाहीतर शुक्राची चांदणी. खालच्या चौकात मात्र तोवर एखादा फटाका वाजून गेलेला असतो. दूधवाल्यापासून शेजारच्या काकूंपर्यंत सगळ्यांचा एकच प्रश्न असतो, 'मग, उद्यापासून की परवापासून?'

याच सुमारास मोबाइलवर एक संदेश फिरू लागतो. रमजानच्या आगमनाची बातमी जो सर्वांत आधी दुसऱ्याला देईल, त्याच्यावर नरकाची आग हराम होते, असा त्याचा आशय. खाली प्रेषितांचे नाव, सोबत हिरवा घुमट आणि चंद्रकोर. काही वर्षांपासून तो दर रमजानला न चुकता येतो. मन लावून नमाज पढणारी, जकात वेळेवर देणारी माणसे तो भाबडेपणाने पन्नास जणांना धाडतात. पाठवायला पैसा लागत नाही आणि झाला तर पुण्यच, असा हिशेब. अडचण एवढीच की हदीसच्या प्रमाण संग्रहांत ही हदीस कुठेच नाही. कुणीतरी ती रचली आणि प्रेषितांच्या नावावर खपवली.

गच्चीवरचा चांद आणि मोबाइलवरचा संदेश यांत एक गोष्ट समान आहे. दोन्हीकडे कुणीतरी काहीतरी सांगतो आणि ऐकणाऱ्याला ठरवायचे असते, मानायचे की नाही. या साध्या प्रश्नावर मुस्लिम विद्वानांनी शेकडो वर्षे डोके झिजवले आहे. रमजानचे पहिले पान उघडते तेच मुळी साक्षीच्या प्रश्नाने.

हनफी फिकहमध्ये, म्हणजे भारतातले बहुसंख्य सुन्नी मुसलमान जे धर्मशास्त्र मानतात त्यात, चांदच्या साक्षीचे नियम बारकाईने घालून दिले आहेत. बाराव्या शतकातल्या मरगीनानी यांच्या 'हिदाया' या ग्रंथात ते वाचायला मिळतात. आकाशात ढग किंवा धूळ असेल, तर रमजानच्या चंद्रासाठी एका विश्वासू माणसाची साक्ष पुरते. मग तो पुरुष असो की स्त्री. पण आकाश निरभ्र असेल, तर एकाची साक्ष चालत नाही, पुष्कळ लोकांनी चंद्र पाहिलेला असावा लागतो. पहिल्यांदा ऐकताना हे उलटे वाटते. स्वच्छ आकाशात पाहणे सोपे, मग तिथे अधिक साक्षीदार कशाला? कारण फार सरळ आहे. ढगांची फट क्षणभर उघडली आणि एकालाच कोर दिसली, हे शक्य आहे. पण आकाश मोकळे असताना हजार डोळे एकाच ठिकाणी लागलेले आहेत आणि दिसले फक्त एकाला, तर बाकीच्या नऊशे नव्याण्णवांना का दिसले नाही? अशा वेळी तो एकटा चुकला असण्याचीच शक्यता जास्त. त्याला कुणी खोटारडा म्हणत नाही, पण त्याच्या शब्दावर सगळ्या शहराचा महिना सुरू करत नाहीत. तोच माणूस गावाबाहेरच्या माळावरून आला असेल, तर इमाम तहावी यांच्या मते त्याची एकट्याची साक्ष घेता येते. तिथे धूळधूर कमी, क्षितिज मोकळे.

ईदच्या चांदला नियम आणखी कडक होतो. ढग असले तरी तिथे एकाच्या साक्षीवर भागत नाही. दोन पुरुष किंवा एक पुरुष आणि दोन स्त्रिया हव्यात. असे का? रमजानचा चांद दिसला म्हणणारा स्वतःवर आणि इतरांवर उपवासाचे ओझे घेत असतो. ईदचा चांद दिसला म्हणणारा ते ओझे उतरवतो, त्यात लोकांचा लाभ आहे. एकोणतीस दिवसांच्या रोजांनंतर चंद्र दिसावा असे कुणाला वाटत नाही? डोळ्यांना जे हवे असते ते लवकर दिसते. म्हणून जिथे मनाची ओढ अधिक, तिथे पुरावाही अधिक मागितला गेला. ज्या एकट्याने रमजानचा चांद पाहिला आणि काझीने त्याची साक्ष नाकारली, त्याने स्वतः रोजा धरायचा आहे. पण एकट्याला ईदचा चांद दिसला, तर त्याने रोजा सोडायचा नाही. आपल्याला सोयीचे असेल तेव्हा आपल्याच डोळ्यांवर थोडा अविश्वास दाखवायला शिकवणारा असा कायदा क्वचितच सापडेल.

डोळ्यांवरच्या अविश्वासाचा एक सुंदर किस्सा इब्न खल्लिकान यांनी तेराव्या शतकातल्या आपल्या चरित्रकोशात दिला आहे. बसरा शहरातली रमजानच्या चांदची संध्याकाळ. पाहणाऱ्यांत हजरत अनस बिन मालिक (र.) होते. प्रेषित मुहंमद (स.) यांची त्यांनी लहानपणापासून सेवा केलेली, वय शंभरीला टेकलेले. त्यांच्या सचोटीविषयी कोण शंका घेणार? ते म्हणाले, 'मला दिसला, तो पाहा.' बोट दाखवत राहिले, पण इतर कुणाला काही दिसेना. पुढे बसऱ्याचे काझी झालेले इयास बिन मुआविया तिथेच उभे होते. त्यांनी आकाशाकडे बघण्याऐवजी अनस यांच्या चेहऱ्याकडे पाहिले. त्यांच्या भुवईचा एक पांढरा केस वाकून डोळ्यासमोर आला होता. इयास यांनी हलक्या हाताने भुवई सारखी केली आणि अदबीने विचारले, 'अबू हमजा, आता दाखवा बरे, चांद कुठे आहे?' अनस यांनी पाहिले आणि म्हणाले, 'आता दिसत नाही.'

या किश्शात कुणीही खोटे बोलत नाही, हे ध्यानात घेण्यासारखे आहे. म्हाताऱ्या सहाबींचा अपमान होत नाही की त्यांच्या मोठेपणापुढे मान तुकवून सगळे शहर 'हो, दिसला' असेही म्हणत नाही. आणि चूक दाखवताच ते शब्द मागे घेतात. शंभरीच्या वयात, चारचौघांत 'आता दिसत नाही' असे म्हणता येणे, हे नुसते डोळे चांगले असण्यापेक्षा अवघड काम आहे.

चौदाव्या शतकात दमास्कसचे मुख्य काझी तकीउद्दीन सुबकी यांनी हा विचार आणखी पुढे नेला. दोन अमावास्यांमधले सरासरी अंतर २९ दिवस, १२ तास आणि सुमारे ४४ मिनिटे असते. अमावास्येनंतर चंद्र सूर्यापासून पुरेसा दूर सरकल्याशिवाय कोर नुसत्या डोळ्यांना दिसूच शकत नाही. सुबकी म्हणाले, त्या संध्याकाळी चंद्र दिसणे अशक्य आहे असे गणित निश्चितपणे सांगत असेल, तर कुणी 'पाहिला' म्हणून साक्ष दिली तरी ती फेटाळावी. साक्ष कितीही चांगली असली तरी ती संभाव्य ज्ञान देते, गणित खात्रीचे. आणि संभाव्याने खात्रीला धक्का लावायचा नसतो. सगळ्यांना हे पटले नाही. गणित आणि डोळे यांत कुणाचा शब्द अखेरचा, हा वाद आजही दर वर्षी रंगतो आणि एकाच राज्यात कधी दोन दिवस ईद होते. पण वाद घालणारे दोन्ही पक्ष 'कोणत्या ज्ञानाला किती वजन' याच तराजूपाशी उभे असतात.

हा तराजू उसूलच्या, म्हणजे धर्मशास्त्राच्या मूलतत्त्वांच्या ग्रंथांत नीट मांडला आहे. पक्की खात्री म्हणजे यकीन. एक पारडे जड पण दुसरे रिकामे नाही, ते जन्न. दोन्ही पारडी सारखी, तो शक. आणि हलक्या पारड्यात उरलेली शक्यता म्हणजे वहम. यातला शक मराठीला अनोळखी नाही, आणि पोलीस ज्याचा 'वहीम' घेतात तो शब्दही याच 'वहम'चा. गंमत अशी की बोलताना हे सगळे एकाच आवाजात बोलले जाते. 'मला वाटते' म्हणण्याऐवजी 'शंभर टक्के' म्हणायची सवय जडली की जन्न यकीनच्या खुर्चीत जाऊन बसतो, आणि थोड्या वेळाने वहमसुद्धा.

आता त्या मोबाइलवरच्या संदेशाकडे वळता येईल. हदीस म्हणजे प्रेषितांचे वचन किंवा कृती, पण तिचे दोन भाग असतात. एक मजकूर आणि दुसरी सनद, म्हणजे 'मला याने सांगितले, त्याला त्याने' अशी सांगणाऱ्यांची साखळी. साखळीतला प्रत्येक माणूस कोण होता, कुठे राहिला, ज्याच्याकडून ऐकले म्हणतो त्याची भेट होणे शक्य होते का, स्मरण कसे होते, उतारवयात विसराळू झाला होता का, याची नोंद ठेवणारे एक स्वतंत्र शास्त्रच उभे राहिले. सांगणाऱ्यात दोन गुण हवेत. एक सचोटी, दुसरा नेमकेपणा. सचोटी आहे पण नेमकेपणा नाही, तरी हदीस कमकुवत ठरते. इमाम मालिक सांगत, की मदीनेत प्रेषितांच्या मशिदीच्या खांबांपाशी बसणारे सत्तर जण त्यांनी पाहिले. खजिना सोपवला तरी हात लावणार नाहीत इतके प्रामाणिक. तरी त्यांच्याकडून मालिक यांनी एकही हदीस घेतली नाही, कारण ते या कामातले जाणते नव्हते. भला माणूस आणि भरवशाची माहिती, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. मामा कधी खोटे बोलत नाहीत म्हणून मामांनी पुढे पाठवलेले खरेच असेल, हा आजचा आपला तर्क मालिक यांच्या खांबापाशी टिकला नसता.

जाबिर बिन अब्दुल्लाह (र.) यांची गोष्ट याच संदर्भात आठवते. एक हदीस त्यांच्या कानावर आली होती, पण ती प्रेषितांच्या तोंडून प्रत्यक्ष ऐकणारे अब्दुल्लाह बिन उनैस शाम देशात, म्हणजे सीरियाकडे होते. जाबिर यांनी उंट विकत घेतला आणि महिनाभर प्रवास करून तिथे गेले. एका हदीससाठी एक महिना. अंगठ्याच्या एका ठोक्यात पन्नास जणांना पाठवण्याच्या काळात हा हिशेब जुळवणे कठीण जाते.

इमाम बुखारी (८१०–८७०) यांनी सुमारे सहा लाख रिवायतींतून निवड करून आपला संग्रह सिद्ध केला असे सांगतात. त्या मोजणीत एकाच वचनाची प्रत्येक निराळी साखळी वेगळी धरलेली असते. संग्रहात पुनरुक्ती धरून सव्वासात हजारांच्या आसपास हदीस आहेत. त्यांच्याविषयीची बगदादची गोष्ट प्रसिद्ध आहे. ते शहरात येताच तिथल्या विद्वानांनी शंभर हदीसच्या साखळ्या मुद्दाम अदलाबदल करून दहा जणांना वाटून दिल्या. भर सभेत एकेकाने उठून विचारावे आणि बुखारी यांनी दर वेळी म्हणावे, 'मला ही माहीत नाही.' शंभर वेळा. अजाण लोकांना वाटले, याला काहीच येत नाही. जाणत्यांनी ओळखले, याला कळले आहे. सगळ्यांचे विचारून झाल्यावर बुखारी पहिल्याकडे वळले आणि शंभरच्या शंभर हदीस त्यांच्या मूळ साखळीला जोडून दिल्या. नंतरचे एक मोठे भाष्यकार इब्न हजर म्हणतात की दुरुस्त करण्यात नवल नाही, चुकीच्या शंभर त्याच क्रमाने एकदा ऐकून लक्षात ठेवल्या यात नवल आहे.

पण ही गोष्ट बुखारींच्या स्वतःच्या कसोटीला लावली तर? ती नोंदवणारे दहाव्या शतकातले इब्न अदी सांगतात की आपण ती अनेक शेखांकडून ऐकली. शेखांची नावे ते देत नाहीत. सांगणारे अनेक असल्याने पुष्कळ जाणकारांनी ती स्वीकारली, तरी साखळीतला तो निनावी दुवा दिसायचा तो दिसतोच. आवडती गोष्ट सांगतानाही तो दाखवून द्यावा, हीच या शास्त्राची शिकवण.

खोट्या हदीस रचणारे सगळे दुष्ट होते असेही नाही. मर्व शहराचे नूह बिन अबी मरियम हे काझी होते, विद्वान होते. कुराणाच्या एकेक सूरेच्या पठणाचे फायदे सांगणाऱ्या हदीस ते सांगत. विचारणा झाली, की ज्या गुरूचे नाव घेता त्यांच्या इतर शिष्यांकडे यातले काहीच कसे नाही? तेव्हा त्यांनी कबूल केले, लोक कुराण सोडून अबू हनीफांचे फिकह आणि इब्न इसहाक यांच्या युद्धकथा यांत रमलेले पाहिले, म्हणून पुण्य समजून आपण त्या रचल्या. सर्व विद्या एकत्र केल्या म्हणून लोक नूह यांना 'जामिअ' म्हणत. हदीसच्या टीकाकारांनी शेरा मारला, सगळे जमवले, फक्त खरेपणा तेवढा राहिला.

नूह यांचा बचाव आजही रोज ऐकू येतो. 'खरे असो नसो, चांगलेच सांगितले आहे ना?' याला उत्तर द्यायला प्रेषितांच्या आयुष्यातला एक प्रसंग पुरेसा आहे. त्यांचा मुलगा इब्राहीम जेमतेम दीड वर्षाचा असताना वारला. त्याच दिवशी सूर्याला ग्रहण लागले. खगोलगणितानुसार हे ग्रहण २७ जानेवारी ६३२ चे. मदीनेत लोक बोलू लागले, प्रेषितांच्या मुलासाठी सूर्यही झाकोळला. बाप दुःखात होता, लोकांची श्रद्धा दाटून आली होती, समज त्यांच्याच मोठेपणात भर घालणारा होता. गप्प राहिले असते तरी कुणी दोष दिला नसता. त्यांनी लोकांना जमवून सांगितले की सूर्य आणि चंद्र या अल्लाहच्या निशाण्या आहेत, कुणाच्या मरण्याने किंवा जन्मण्याने त्यांना ग्रहण लागत नाही.

साडेचार शतकांनंतर इमाम गजाली यांनी ग्रहणाचाच दाखला घेऊन आपल्या लोकांना फटकारले. चंद्रग्रहण म्हणजे पृथ्वीची सावली, हे गणिताने सिद्ध झालेले आहे. ते नाकारणे म्हणजे धर्मरक्षण असे ज्याला वाटते तो धर्माचेच नुकसान करतो, असे त्यांचे म्हणणे. गजाली तत्त्वज्ञांचे कडवे टीकाकार, तरी हे त्यांनीच लिहिले. बगदादच्या निजामिया विद्यापीठाची मानाची जागा सोडून ते १०९५ मध्ये बाहेर पडले. पुढे आत्मकथनात त्यांनी लिहिले की ख्रिस्त्यांची मुले ख्रिस्ती होतात, यहुद्यांची यहुदी आणि मुसलमानांची मुसलमान, हे लहानपणीच डोळ्यांत भरले आणि वारशाने आलेले ज्ञान म्हणजे खरेच ज्ञान का, हा प्रश्न पडला. दहा हे तीनपेक्षा मोठे आहेत. कुणी 'तीन मोठे' म्हणाला आणि पुरावा म्हणून काठीचा साप करून दाखवला, तर त्याच्या करामतीचे नवल वाटेल, पण तीन काही मोठे होणार नाहीत. आज काठीच्या जागी व्हिडिओ आहे, एवढाच फरक.

ही चिकित्सा एका धर्माची मिरास नाही. न्यायशास्त्रात शब्द, म्हणजे दुसऱ्याचे सांगणे, हे चार प्रमाणांपैकी एक आहे. पण कुणाचेही नव्हे, 'आप्ता'चे. वात्स्यायनांच्या भाष्यात आप्त म्हणजे ज्याला वस्तू प्रत्यक्ष कळली आहे आणि जशी कळली तशीच सांगण्याची ज्याची इच्छा आहे तो. हदीसवाल्यांचा नेमकेपणा आणि सचोटी इथे वेगळ्या पोशाखात भेटतात. अल बेरूनी संस्कृत शिकले, पंडितांशी बोलले आणि १०३० च्या सुमारास त्यांनी भारतावरचा आपला ग्रंथ लिहिला, तेव्हा आरंभीच त्यांनी ऐकीव आणि पाहिलेले यांतला फरक सांगितला. माणसे खोटी बातमी का देतात, याची कारणेही दिली: कुणी स्वार्थापोटी, कुणी आपल्या जमातीच्या प्रेमापोटी किंवा दुसरीच्या द्वेषापोटी, आणि कुणी नुसते आधीच्याने सांगितले म्हणून. दुसऱ्यांच्या धर्माविषयी लिहिताना त्यांच्याच ग्रंथांतून लिहावे, असा त्यांचा दंडक होता.

चांद एक दिवस मागेपुढे झाला तर फार तर एक रोजा कजा होतो, नंतर भरून काढता येतो. सगळ्या बातम्या अशा सौम्य नसतात. मिश्र वस्तीच्या गावात 'तिकडच्यांनी असे केले म्हणे' एवढे वाक्य सकाळी सुटते आणि दुपारपर्यंत बाजाराची शटर खाली आलेली असतात. हातगाडीवाला माल तसाच टाकून घर गाठतो. 'तिकडचे' म्हणजे कोण, हे सांगणाऱ्यावर अवलंबून असते, सांगण्याची तऱ्हा मात्र दोन्हीकडे एकच. संध्याकाळी कळते की तसे काही नव्हतेच. पण शटर उघडले तरी नजरा लगेच उघडत नाहीत.

कुराणाच्या सूरे हुजुरातमधली सहावी आयत नेमकी याच धोक्याविषयी आहे. भरवसा नसलेल्याने बातमी आणली तर शहानिशा करा, नाहीतर नकळत एखाद्या समूहाला इजा कराल आणि मग पस्तावाल, असा तिचा भाव. तफसीरकार तिच्यामागचा प्रसंग सांगतात. बनू मुस्तलिक जमातीकडे जकात गोळा करायला वलीद बिन उकबा यांना पाठवले होते. त्यांचे आणि त्या जमातीचे इस्लामपूर्व काळातले वैर होते. प्रेषितांचा माणूस येतो आहे म्हणून जमात स्वागताला वेशीबाहेर आली. वलीद यांनी दुरून एवढा जमाव पाहिला, जुने वैर आठवले आणि ते वाटेतूनच मागे फिरले. मदीनेत येऊन त्यांनी सांगितले, ते लोक जकात नाकारतात, माझ्या जिवावर उठले होते. शहर खवळले, चढाईची भाषा सुरू झाली.

काही रिवायतींनुसार तेव्हा खालिद बिन वलीद यांना घाई न करता आधी खरे काय ते पाहायला पाठवले गेले. खालिद रात्री त्या वस्तीजवळ पोहोचले. आत न शिरता त्यांनी आपली माणसे चाहूल घ्यायला पुढे धाडली. ती परत आली आणि म्हणाली, वस्तीतून अजान ऐकू येते आहे, लोक नमाजला उभे आहेत. सकाळी खालिद स्वतः भेटायला गेले.